हक्काची बहीण आणि हक्कसोडपत्र

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला दिलेला विषय मोठा आहे. वेगवेगळ्या देशांतली साधी माणसं मानवी हक्क म्हणजे काय समजतात, यावर बोला, असं संयोजक म्हणाले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही, मौलाना नाही, प्राध्यापकही नाही. त्यामुळे मी विषय जरा लहान करून घेतला आहे. मी आज एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द अमडापूरच्या तलाठी कार्यालयात रोज ऐकू येतो. हक्क.

तुम्हाला आठवत असेल, २०२५च्या मार्च महिन्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. नाव ऐकून पुण्यातले माझे सहकारी हसले होते. सातबारा काय मेलेला असतो का? असतो. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली असतात आणि सातबारावर अजून तेच उभे असतात. त्यांच्या नावावर कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, आणि विकायची वेळ आली की सगळं अडतं. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायची, एवढं साधं काम. ते आपल्या जिल्ह्यात सुरू झालं आणि १ एप्रिलपासून सरकारनं ते राज्यभर नेलं. आपल्या जिल्ह्याचं नाव बहुतेक वेळा दुष्काळासाठी आणि शेतकरी आत्महत्यांसाठी घेतलं जातं. या वेळी एका चांगल्या कामासाठी घेतलं गेलं, याचा मला आनंद झाला.

पण वारस लावायचे म्हटलं की यादी करावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं, पत्ते, फोन नंबर. आणि यादी केली की बहिणींची नावं येतात. वीस-वीस वर्षं घरात ज्या बहिणीचा विषय फक्त दिवाळी, ईद आणि लग्नकार्यात निघत होता, तिचा फोन नंबर अचानक लागतो. फोन जातो, "ताई, कशी आहेस? तुझं आधार कार्ड पाठव बरं." आणि काही महिन्यांनी दुसरा फोन जातो, "एक दिवस चिखलीला यावं लागेल. सही करायची आहे."

ती सही हक्कसोडपत्रावर असते.

आता मला सांगा, मानवी हक्क या विषयावर बोलायला जिनिव्हाला कशाला जायचं?

आधी शब्दाकडे बघू. हक्क हा मूळ अरबी शब्द. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि इथलाच झाला. वतनदारांचे हक्क होते, पाटील-कुलकर्ण्यांचे होते, बलुतेदारांचे होते. महसूल खात्याच्या जुन्या छापील नमुन्यांवर 'हक्काचे पत्रक' असं लिहिलेलं असायचं, आणि आज सरकारनं वारस नोंदीसाठी जी ऑनलाइन प्रणाली केली आहे तिचं नावही 'ई-हक्क'च आहे. आमच्या टीममध्ये एक जण इस्तंबूलचा आहे, एक जण जकार्ताची. एकदा मी सहज विचारलं, तुमच्याकडे मानवी हक्कांना काय म्हणतात? तुर्कीत 'इन्सान हक्लारी'. इंडोनेशियात 'हक असासी मनुसिया'. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'हाकी झा बिनादामु'. उर्दूत 'इन्सानी हुकूक'. म्हणजे अमडापूरचा तलाठी, जकार्ताचा वकील आणि नैरोबीचा रिक्षावाला एकच शब्द वापरतात. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असं जे दोन्ही बाजूंचे कट्टर लोक सांगत असतात, त्यांनी निदान आपल्या तोंडातला शब्द कुठून आला ते बघावं.

पण साधी माणसं हा शब्द कसा वापरतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठीत आपण म्हणतो, "तुला हक्कानं सांगतो." "तो आपला हक्काचा माणूस आहे." "नाहक बोलणी खाल्ली." यात कोर्ट नाही, कायदा नाही. हक्काचा माणूस म्हणजे रात्री दोन वाजता ज्याचं दार वाजवता येतं तो. आपल्याकडे हक्क हा नात्यात राहतो. तो सरकारकडे मागण्याआधी माणूस माणसाकडे मागतो.

तुर्कस्तानात मयताच्या नमाजाच्या वेळी इमाम जमलेल्या लोकांना विचारतो, या माणसावरचे तुमचे हक्क तुम्ही माफ करता का? लोक म्हणतात, केले. आपल्याकडेही प्रवासाला, हजला जाणारा माणूस घरोघर जाऊन म्हणतो, कहा-सुना माफ करना. मशिदीत आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे की अल्लाहचा हक्क राहून गेला तर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क राहिला तर ज्याचा राहिला त्यानंच माफ करायला हवा. हुकूकुल इबाद. मला ही कल्पना फार उंचीची वाटते. हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मानेवरचं देणं, आणि ते देणं मरणानंतरही सुटत नाही.

आणि याच ठिकाणी गोम आहे. हक्क जर माफ करता येतो, तर माफ करणारा मोठा ठरतो आणि मागणारा छोटा. मग प्रश्न उरतो तो एवढाच की माफ करायला कोणाला सांगितलं जातं.

आपल्या घरांत नवरा वारला की काय होतं? मय्यत अंगणात असते. बाई शुद्धीवर नसते. तेवढ्यात कोणी तरी वडीलधारी बाई येऊन कानाशी म्हणते, मेहर माफ कर दे. ज्या रकमेचा उल्लेख निकाहनाम्यात आहे, जी तिला लग्नाच्या दिवशीच मिळायला हरकत नव्हती, ती तिनं जनाज्यासमोर माफ करायची. कुठली बाई त्या क्षणी नाही म्हणेल? मी आजवर एकही ऐकली नाही. हिंदू शेजाऱ्यांकडे मेहर नाही, पण तेराव्यानंतर हक्कसोड आहे. राजस्थानात त्याला 'हक त्याग' म्हणतात. नावातच त्याग आहे, म्हणजे न करणारी स्वार्थी ठरलीच. धर्म वेगळे, कागद वेगळे, पण अमडापूरच्या दोन गल्ल्यांतल्या दोन बायका हक्क या शब्दाचा अर्थ एकच शिकतात. हक्क म्हणजे चांगल्या बाईनं सोडायची गोष्ट.

आता जरा पॅरिसला जाऊ, लगेच परत येऊ. १० डिसेंबर १९४८ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. ४८ देश बाजूनं, विरोधात कोणी नाही, ८ तटस्थ. तटस्थांत सोव्हिएत गटातले देश होते, वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती आणि सौदी अरेबियाही होता. त्या मसुद्यात भारतातर्फे हंसा मेहता बसल्या होत्या. मुंबई प्रांताच्या विधान परिषदेत त्या सदस्य राहिलेल्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्यांनी धरून लावलं आणि तिथे 'सर्व मानव' आलं. लोक म्हणत होते, त्या शब्दात बायका आल्याच की. हंसाबाईंना माहीत असणार की 'आल्याच की' म्हणून जिथे बायका येतात तिथून त्या पुढं गायब होतात. पाकिस्तानच्या शाइस्ता इकरामुल्लाह यांनीही, लग्नात स्त्री-पुरुषांना समान हक्क सांगणाऱ्या कलमाला पाठिंबा दिला. सौदी प्रतिनिधीचा आक्षेप असताना दिला. एक भारतीय, एक पाकिस्तानी, फाळणीला जेमतेम वर्ष झालेलं.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. १९४७ला युनेस्कोनं जगभरच्या विचारवंतांना पत्रं पाठवून विचारलं होतं की हक्कांबद्दल तुमचं काय मत. गांधीजींनी अगदी छोटं उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा की, माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो की हक्क हे पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, या वाक्यापाशी मी नेहमी अडतो. जगातल्या पंडितांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका अशिक्षित आईच्या नावानं द्यावं, यात मोठेपणा आहे. आणि आपल्या गावातली बहुतेक माणसं आजही असंच बोलतील, आधी कर्तव्य, मग हक्क. पण कर्तव्याचा हिशेब कोण ठेवतं? भाऊ म्हणतो, आई-बापाचं म्हातारपण मी काढलं. खरं आहे, तो हिशेब मांडलाच पाहिजे. पण बहिणीनं लग्नाआधी दहा वर्षं आईच्या जागी घर चालवलं, धाकट्यांना वाढवलं, मजुरीला गेली, तो आकडा कुठल्या वहीत आहे? आणि म्हातारपण 'काढलं' म्हणताना प्रत्यक्ष उशाशी बसली ती बहुतेक वेळा वहिनी होती. तिचं नाव तर वारसांच्या यादीतही नाही.

आता कायदा. इथं मी पटकन पुढं जातो, कारण कायदा गुंतागुंतीचा नाही, आपण तो गुंतागुंतीचा करून ठेवला आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा महाराष्ट्रानं १९९४मध्येच दिला, केंद्रानं देशभर २००५मध्ये दिला, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, वडील २००५मध्ये हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. मुस्लिम मुलीचा हिस्सा शरीयतमध्ये चौदाशे वर्षांपासून ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. निम्माच का, हा वाद जगभर चालू आहे. ट्युनिशियाच्या अध्यक्षांनी २०१८मध्ये समान वाट्याचा कायदा आणायचं जाहीर केलं होतं, तो अजून झाला नाही. त्या वादात मला आज शिरायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे की शरीयत वाचवण्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांपैकी किती जणांनी बहिणीला तो निम्मा दिला? आणि एक गंमत बघा. १९३७च्या शरीयत कायद्यात, ज्याचं नाव आपण इतक्या अभिमानानं घेतो, त्यात शेतजमीन स्पष्टपणे वगळलेली आहे. बाकी सगळ्याला शरीयत लागू, पण ज्यात खरी संपत्ती आहे त्याला नको. दक्षिणेतल्या काही राज्यांनी नंतर ती सूट काढली. आपल्याकडे प्रत्यक्षात वारस नोंदीत मुलींची नावं चढतात, म्हणून हा मुद्दा सहसा निघत नाही. पण ती सूट कोणाच्या सोयीची होती, हे सांगायला वकील लागत नाही.

म्हणजे कायदा आहे, धर्म आहे, आता ऑनलाइन प्रणालीही आहे. तरी बहिणी सही करतात. का?

सोपं उत्तर आहे, अज्ञान. जनजागृतीची शिबिरं घेणाऱ्यांना हे उत्तर आवडतं, कारण मग शिबिर घेता येतं. मला ते पटत नाही. मी माझ्या घरातल्या, शेजारच्या, आईच्या मैत्रिणींपैकी अनेक बायकांशी बोललो आहे. काहून सही केली, विचारलं की एकही म्हणाली नाही की मला माहीत नव्हतं. त्या म्हणतात, "भाऊ तुटला असता." "उद्या नवऱ्यानं हाकललं तर जायचं कुठं?" एका फुफीनं मला जे सांगितलं ते एखाद्या विमा एजंटला सुचणार नाही. ती म्हणाली, बेटा, दोन एकरातला माझा वाटा किती? अर्धा एकर. तो विकून येणारे पैसे दोन वर्षांत संपतील. माहेर मरेपर्यंत पुरतं.

हा हिशेब चुकीचा आहे असं मी पुण्यात बसून म्हणू शकत नाही. ज्या बाईला सरकार, सासर, बँक, कोर्ट यांपैकी कोणाचाच भरवसा नाही, तिनं आपला एकमेव भरवसा विकत घेतला. अर्धा एकर जमीन हा त्याचा हप्ता.

आणि हा हिशेब फक्त वऱ्हाडातला नाही. बांगलादेशात लग्न झालेली मुलगी माहेरी राहायला येते त्याला 'नायोर' म्हणतात. तिथल्या खेड्यांत बायका वडिलांच्या जमिनीतला वाटा भावांकडे ठेवतात आणि त्या बदल्यात नायोरचा रस्ता उघडा राहतो. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लूसच्या परिसरातल्या बायकांवर ॲनेलिस मूर्स या डच अभ्यासिकेनं १९९५मध्ये एक पुस्तक लिहिलं. तिथेही तेच. वाटा मागणारी म्हणजे जिला भाऊ नाही किंवा जिचं भावाशी आधीच बिनसलं आहे ती, असं गाव समजतं. तिकडं ऑलिव्ह, इकडं सोयाबीन. बाकी बोलणं तेच.

म्हणून मी म्हणतो की साध्या माणसांना हक्क कळत नाही हे साफ खोटं आहे. त्यांना तो इतका नीट कळतो की त्याची किंमतही माहीत आहे. जमिनीचा हक्क आणि आसऱ्याचा हक्क या दोन्हींतला एकच मिळणार आहे, हे त्यांनी ओळखलेलं असतं. भावाला हे निवडावं लागत नाही. त्याला जमीनही आणि घरही. सहीच्या दिवशी बहिणीला रिक्षाचं भाडं आणि एक साडी मिळते, आमच्याकडे सूटचं कापड.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. तुम्ही मोबाइलवर एखादं ॲप घेता, तेव्हा 'मला मान्य आहे' असा एक चौकोन असतो. चांगली कंपनी तो रिकामा ठेवते, तुम्ही वाचून टिक करायची. लबाड कंपनी आधीच टिक करून ठेवते, नको असेल तर तुम्ही शोधून काढायची. आमच्या भाषेत त्याला डिफॉल्ट म्हणतात, आणि आम्हाला पक्कं ठाऊक असतं की शंभरातली बहुतेक माणसं डिफॉल्टला हात लावत नाहीत. आपल्या समाजात बहिणीच्या नावापुढचा हक्कसोडीचा चौकोन आधीच टिक केलेला आहे. ती मोकळेपणानं संमती देते असं म्हणणं म्हणजे त्या लबाड कंपनीनं लाखो ग्राहकांनी आनंदानं मान्यता दिली म्हणण्यासारखं आहे.

जॉर्डननं नेमकं यावर बोट ठेवलं. तिथंही बहिणी वाटा सोडून देतात, त्याला 'तखारुज' म्हणतात. २०१०च्या कौटुंबिक कायद्यानंतर तिथं नियम आला की बाप गेल्यावर तीन महिने जाईपर्यंत असं सोडणं नोंदवताच येणार नाही. एवढंच. कोणाला तुरुंगात टाकलं नाही. फक्त म्हटलं, थांबा, तिचं रडणं तरी संपू द्या. पाकिस्ताननं २०११मध्ये उलट टोक गाठलं. बाईला फसवून किंवा बेकायदा मार्गानं वारसा नाकारणाऱ्याला पाच ते दहा वर्षं कैद किंवा दहा लाख रुपये दंड, असं कलम घातलं. त्याच कायद्यानं सिंधमधली 'हक बख्शीश' नावाची भयंकर प्रथाही गुन्हा ठरवली, ज्यात मुलीचं लग्न कुराणाशी लावायचं आणि वाटा घरातच ठेवायचा. पण माझं मत विचाराल तर भावाला जेलची भीती घालणारा कायदा बहिणीला वापरता येत नाही. जिला माहेर वाचवायचं आहे ती भावावर फौजदारी कशी करेल? जॉर्डनची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. डिफॉल्ट बदला.

आणि मोरोक्को. हे उदाहरण मला सगळ्यात आवडतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. मोरोक्कोत जमातींच्या सामूहिक जमिनी आहेत, खूप मोठ्या. तिथं वाटा मिळायचा तो कुटुंबातल्या पुरुषाला. शहरं वाढली, केनित्रासारख्या भागात बिल्डर आले, जमिनी विकल्या गेल्या, मोबदला वाटला गेला, आणि तो सगळा भावांच्या हातात गेला. त्याच जमिनीवर जन्मलेल्या, विधवा झालेल्या, लग्न न झालेल्या बहिणी पत्र्याच्या झोपड्यांत राहिल्या. २००७च्या सुमारास त्यांनी आवाज उठवला. त्यांच्यात रकिया बेलो नावाच्या बाई होत्या, सरकारी नोकरीत राहिलेल्या. त्यांच्या सगळ्या भावांना वाटा मिळाला होता, त्यांना नाही. एका महिला संघटनेनं त्यांना साथ दिली. गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर बायका राजधानी रबातला संसदेसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना 'सुलालियात' म्हणतात, म्हणजे एका वंशातल्या. २००९पासून गृहखात्यानं परिपत्रकं काढली आणि २०१९मध्ये कायद्यातच आलं की जमातीचे सदस्य म्हणजे पुरुष आणि स्त्रिया दोन्ही.

मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? त्या बायकांनी पॅरिसचा जाहीरनामा वाचून सुरुवात केली नव्हती. इस्लामनं आम्हाला वाटा दिलाय, जमातीची रीत तो काढून घेते, असंही त्या म्हणाल्या आणि राज्यघटनेपुढं आम्ही समान आहोत असंही. जो मुद्दा हाताशी आला तो वापरला. आणि दुसरं, त्या एकट्या गेल्या नाहीत. एकटी बहीण भावाविरुद्ध उभी राहिली की ती घरफोडी ठरते. पाचशे बहिणी उभ्या राहिल्या की कोण कोणाचं माहेर तोडणार?

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. १९८६मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, खेड्यातल्या बायका लाखांनी आल्या होत्या. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. सरकारचा एक रुपया नाही, कायदा नाही, आणि तरी शेतकऱ्यांनी खरंच नावं चढवली. हे मोठं काम होतं, आणि महाराष्ट्र ते विसरला याचं मला वाईट वाटतं. पण एक लक्षात घ्या, त्यात नवऱ्यानं बायकोला दिलं. लक्ष्मी घरात आलेली होती. घरातून गेलेल्या बहिणीचा विषय तिथंही मागेच राहिला.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे. १८८२मध्ये त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं, म्हणजे जाहीरनाम्याच्या ६६ वर्षं आधी. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली, वर्तमानपत्रं समस्त बायकांना शिव्या देऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईनं पुरुषांना उलट विचारलं की हे सगळे दोष तुमच्यात नाहीत का? आज आपण त्यांचं नाव सभागृहांत घेतो. त्यांच्या चरित्रातली एक बारीक गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक. त्यांनी मुलीला सासरी न पाठवता घरजावई आणला. ताराबाईंना माहेर सोडावंच लागलं नाही. इतकं निर्भीड लिहिणारी बाई ती होती जिच्या डोक्यावरचं छप्पर कोणी काढून घेणार नव्हतं, हा मला योगायोग वाटत नाही. हा माझा अंदाज आहे, इतिहासकारांनी मला दुरुस्त करावं.

आता भाऊ लोकांच्या दोन शंका. मला माहीत आहे, मागच्या रांगेत त्या तयार आहेत.

पहिली, बहिणीला लग्नात दिलं, हुंडा दिला. हुंडा कोणाला दिला? बहिणीला की तिच्या सासऱ्याला? तिच्या नावावर काय आहे ते दाखवा, तेवढं वजा करू.

दुसरी, जमिनीचे तुकडे होतील. होतील. पण चार भावांत चार तुकडे झाले तेव्हा ही काळजी कुठं होती? तुकडा नको असेल तर सातबारावर नाव सामाईक ठेवता येतं, कसणारा भाऊच कसू दे, बहिणीला दरवर्षी तिच्या वाट्याचं पीक किंवा पैसे द्या. वाटा घेणं म्हणजे बांध घालणंच नव्हे. आणि त्या नावामुळे ती शेतकरी म्हणून मोजली जाते. आज आपल्या शेतांत निंदण, वेचणी, सोंगणी कोण करतं ते रस्त्यानं जाताना दिसतं. कागदावर मात्र ती बाई मजूर आहे.

शेवटी कामाचं. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीसाठी बहिणीनं हक्क सोडावा लागत नाही. 'सही केल्याशिवाय नाव लागणार नाही' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. फेरफार धरला की सगळ्या वारसांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, ती नोटीस कोणाच्या पत्त्यावर गेली ते विचारा. अनेकदा ती भावाच्याच घरी जाते, म्हणून यादीत स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर द्या, भावाचा नको. स्टॅम्पवर नुसतं लिहून घेतलेला, नोंदणी न झालेला हक्कसोडीचा कागद पुरेसा नसतो. नोंदलेलं हक्कसोडपत्र मात्र सहज मागं घेता येत नाही, म्हणून बाप गेलेल्या महिन्यात ते करू नका. जॉर्डनचा नियम आपल्याकडे नाही, पण आपल्या मोहल्ल्यात, आपल्या भावकीत तो लावायला कोणाची परवानगी लागत नाही. तीन महिने थांबू, असं जमातनं ठरवलं, ग्रामसभेनं ठरवलं तरी झालं. जुम्मेच्या बयानात इमामसाहेबांनी एकदा मेहर आणि वारशावर बोलावं, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. ते समोरच बसले आहेत.

वारस नोंदीच्या अर्जाचा कोरा नमुना आणि लागणाऱ्या कागदांची यादी मी मराठीत आणि उर्दूत छापून आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे. ई-हक्कवर अर्ज कसा भरायचा ते मी लॅपटॉपवर दाखवतो, अर्धा तास थांबणार आहे. आधी बायकांचे प्रश्न घेऊ, मग पुरुषांचे.